बारा ग्रॅम

भांडी बाजाराच्या तोंडाशी, तांबटांच्या ठोक्यांत
आमचं दुकान : झिराडकर, तराजू-काटा दुरुस्ती.
चौकटीवर मेझुझा, जराशी तिरकी.
गिऱ्हाइकं विचारायची, ही बेल का?
बाबा म्हणायचे, हो, पण वाजते आतल्या आत.

हसकेल झिराडकर.
शुक्रवारी चारला फळ्या लावायचे,
शनिवारी कुलूप.
शेजाऱ्यांना वाटायचं, शनीचा उपास असेल.
त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.
दुरुस्तीला टेबलावर दुसरं पुष्कळ असायचं.

झिजलेला किलो खोटं बोलतो, सांगायचे,
आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊकही नसतं.
मग त्याला उलटा करून
पोटातल्या खळग्यात शिसं ओतायचे,
हळूहळू, बाळाला औषध पाजावं तसं.

आजोबांची एक वही होती.
गुरूंची वचनं, अलिबागेकडच्या मराठीत उतरवलेली :
वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत.
पारडं दर तोलानंतर पुसावं.
वजन मिठात ठेवू नये.
मी शाळेत. मला राग आलेला.
इतरांच्या पोथ्यांत राक्षस मरतात,
आमच्यात निघालं काय, तर फडकं!
बाबा म्हणाले, समुद्र एकदाच दुभंगला,
पारडं रोज मळतं.

एका बुधवारी मखमलाबादची ठकूबाई आली,
ओच्यातून गोदेचा काळा धोंडा काढला.
हा माझा अर्धा किलो. साहेब येणारेत म्हणे तपासायला,
शिक्का मारून द्या.
बाबांनी धोंडा ठेवला, काटा थांबू दिला.
पाचशे बारा.

पुन्हा ठेवला. पाचशे बारा.

सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर हिशोब मांडला :
दिवसाला चाळीस तोल, बाई, एकोणीस वर्षं,
रोजची अर्धा किलो वांगी तुम्ही अशीच वाटलीत.
मापात पाप करणारे त्यांनी खूप पाहिले होते,
तळाला चुंबक, साखळीत मेण,
त्यांच्यासाठी वचनंही पाठ होती.
नाव ठकूबाई
आणि ठकवलं ते फक्त स्वतःला,
याला वचन सापडेना.

ठकूबाईने कागदाकडे पाहिलंच नाही.
म्हणजे रोज एक घर जेवलं, म्हणाली,
आता माप घटवलं तर माणसं काय म्हणतील?

बाबा माळ्यावर चढले. वही झटकली.
बराच वेळ उतरले नाहीत.
मग शिडीवरूनच वाचलं :
पारडं घेणाऱ्याकडे चार बोटं झुकू द्यावं.
खाली येऊन टेबलावर चार बोटं आडवी ठेवली,
शिशाने काळी झालेली,
आणि त्यांच्याकडेच बघत बसले.

धोंड्याला शिक्का लागत नाही, तो कायदा वेगळा.
शिक्क्याचा अर्धा किलो त्यांनी खरेदीभावात दिला.
हा टाकीन, ती म्हणाली, आणि वर एक वांगं टाकीन.
धोंडा? राहू द्या तुम्हाला.

वर गेल्यावर पहिला प्रश्न प्रार्थनेचा नसतो,
बिटकोच्या खाटेवरून बाबा सांगत होते,
विचारतात : देणंघेणं सचोटीचं होतं ना?
मग माझ्याकडे वळून :
फडकं धुतलंस का?

आता टेबलावर काटे बिनपारड्याचे,
लाल आकडे, चार्जर, पिंपळगावच्या द्राक्षांचा चिकटा.
तेली होते म्हणे आमचे पूर्वज, कोकणात.
त्यांनाही हा चिकटा ओळखू आला असता.
शुक्रवारी दिव्याआधी सगळं पुसते,
शेवटी धोंडा.

गेल्या महिन्यात त्याने पाचशे अकरा दाखवलं.
काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवला.
पाचशे अकरा.
इतकी वर्षं आम्ही दोघांनी पुसलं,
त्यातच गेला असेल एक ग्रॅम.
शिसं भरायला त्याला पोट नाही.
फडकं खांद्यावर टाकून मी जरा उभी राहिले,
बाहेर तांबटाने हातोडा थांबवला होता,
चार वाजत आले होते.